बर्फाच्या कारखान्यातलं सुतक

देवकाबाई वर्षातून एकदा बर्फाचं यंत्र धुवायला काढत. त्या दिवसाला घरात 'मोठं धुणं' म्हणत, आणि त्या दिवशी घरातली माणसं शक्यतो त्यांच्या नजरेसमोर येत नसत.

पुलगावच्या स्टेशनामागे त्यांचा बर्फाचा कारखाना होता आणि कारखान्याला लागूनच घर. यंत्र आणलं नानांनी, म्हणजे देवकाबाईंच्या यजमानांनी. पण चालवलं बाईंनी. नाना मवाळ माणूस. इंजिनाचा पट्टा सुटला तर ते इंजिनाची समजूत घालत उभे राहत. बाई पट्टा चढवत. त्यांना मराठी दुसरीच्या पुढचं काही वाचता येत नसे, पण कॉम्प्रेसरचा काटा कुठे गेला की काय करायचं हे त्यांना सुनेच्या चेहऱ्याइतकं वाचता येई. यंत्राचं एकूण काम त्या अमोनिया वगैरे न बोलता सांगत: एकीकडे नळ्यांत ग्यास फिरतो, तो मिठाच्या पाण्याचा हौद गार करतो, हौदात पत्र्याचे उंच डबे सोडायचे, डब्यांत गोडं पाणी भरायचं, की लादी तयार. यात इंजिनियर कुठे लागतो?

इंजिनियर लागत नसला तरी धुणं लागे. हिवाळाभर यंत्र बंद असल्यावर हौदाच्या तळाशी गाळ बसे, डब्यांना गंज चढे, आणि बाहेरच्या नळ्यांवर विहिरीच्या पाण्याचा क्षार भिंतीच्या पोपड्यासारखा जमे. गेल्या वर्षी हे धुणं रेंगाळलं. लग्नसराई सुरू झाली तरी लादी निघेना. सोडावाल्यांनी आणि वरबापांनी बडनेऱ्याहून रेल्वेनं बर्फ मागवला, आणि पुलगावच्या स्टेशनावर परगावचा बर्फ उतरताना देवकाबाईंनी आपल्या डोळ्यांनी पाहिला. ते दुःख त्यांनी माहेरच्या माणसांनाही सांगितलं नाही.

पण धाकट्या दिरानं, वासुदेवरावांनी, ते बरोबर हेरलं. वासुदेवराव वर्ध्याला बोरगाव मेघेत राहत आणि एका कचेरीत हेडक्लार्क होते. होळीला आले तेव्हा त्यांनी नानांना समजावलं, की यंत्र हे बाईमाणसाचं काम नाही, त्याला शिस्त लागते. नानांना कुणालाच नाही म्हणता येत नसे. त्यांनी शब्द दिला: यंदा अक्षय तृतीयेच्या सकाळी लादी निघाली नाही, तर कारखान्याच्या किल्ल्या वासुदेवाच्या. देवकाबाई आत भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. त्या रात्री नानांच्या वांग्यात मीठ नव्हतं.

आता अक्षय तृतीया, तिकडची अखजी, परवावर आली होती. आज धुणं उरकलं तर उद्या हौद भरून इंजिन चालू करता येई आणि सणाला लादी निघे. आज नाही उरकलं तर किल्ल्या गेल्या. आणि नेमके गडी गायब. सालदारांचं साल बदलायचा हाच मोसम. सगळे आपापल्या गावी नवा मालक ठरवायला गेलेले. हाताशी उरले तिघे: मुलगा केशव, सून पद्मा आणि प्रेमदास मिस्त्री. नाना होते, पण त्यांना बाईंनी पहाटेच्या पॅसेंजरनं कॉम्प्रेसरच्या सांध्यांतून ग्यास गळू न देणारं नवीन पॅकिंग आणायला बडनेऱ्याला पाठवून दिलं. धुण्याच्या दिवशी ते घरी असण्यापेक्षा बडनेऱ्याला असलेले बरे.

पहिला घोटाळा केशवनं केला. इंजिनाखाली निजून तो जुनं ग्रीस खरवडत होता, तेवढ्यात ग्रीसचा डबाच वरून त्याच्या डोक्यावर उलटा झाला. काळं, चिकट, वर्षानुवर्षांचं ग्रीस. घासलेट झालं, शिकेकाई झाली, राख झाली; केस जास्तच चमकू लागले. मिशीही सुटली नव्हती. बाईंनी न्हाव्याला बोलावलं.

"आत्याबाई, मामंजी जिते असताना यायचं डोकं अन् मिशी दोन्ही काढाचं म्हन्ता?" पद्मा दबकत म्हणाली.

"मंग काय पूर्‍या तळाच्या त्याच्या डोक्यात? मिशी येईन परत. अखजी नाई येत परत."

केशव गोटा होऊन कामाला लागला. उन्हात त्याचं डोकं नव्या डब्यासारखं दिसत होतं.

दुसरा घोटाळा बाईंचा स्वतःचा. कॉम्प्रेसरचा एक व्हॉल्व्ह घट्ट बसला होता. प्रेमदास म्हणाला, जरा तेल सोडून दम धरू. दम धरणं हा शब्द बाईंनी आयुष्यात दुसऱ्यांसाठीच वापरला होता. त्या घरात गेल्या, खलातला लोखंडी बत्ता घेऊन आल्या आणि व्हॉल्व्हला एक ठोका दिला. व्हॉल्व्ह हलला नाही. त्याच्या गळ्यातलं जुनं पॅकिंग मात्र फाटलं आणि आतला उरलासुरला ग्यास फुसकन बाहेर आला.

अमोनियाचा ग्यास मान-अपमान पाहत नाही. डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग, घशात काटे, आवाज बंद. प्रेमदासनं ओलं पोतं डोक्यावर घेऊन मागची तोटी बंद केली आणि खुणेनंच सांगितलं: चूल विझवा, बाहेर पळा, अंगावर पाणी घ्या. पद्मानं चुलीवर तांब्या ओतला. सगळे अंगणात आले, विहिरीवर बादल्या उपसून डोक्यावरून घेतल्या आणि कडुनिंबाखाली ओळीनं बसले.

तर चित्र असं होतं. जेवणाची वेळ, आणि घरातून धूर नाही. देवकाबाई आणि पद्मा डोक्यावरून न्हालेल्या, ओला पदर तोंडावर, डोळ्यांतून धारा. मिस्त्री गुडघ्यात मान घालून हुंदके देतोय. मुलाचं डोकं आणि मिशी नुकतीच उतरवलेली. आणि नानांचा पत्ता नाही.

याच वेळी रस्त्यावरून नत्थूजींची बैलगाडी आली. नत्थूजी म्हणजे नाचणगावचे, नानांचे चुलतभाऊ. शेतकरी माणूस, मन कापसासारखं. त्यांनी फाटकातून आत पाहिलं आणि कासरे ओढले. अशा ठिकाणी 'काय झालं' म्हणून विचारायचं नसतं; ते डोळ्यांनी समजून घ्यायचं असतं. त्यांनी समजून घेतलं. त्यांनी टोपी काढली. देवकाबाईंना ते दिसले. इकडे ग्यास आहे, आत येऊ नका, असं त्यांना सांगायचं होतं, पण घशातून शब्द फुटेना. त्यांनी नुसता हात हलवला, जा, जा. त्या जन्मात कुणासमोर न रडलेल्या बाईला असं पाहून नत्थूजींच्याच डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हात जोडले आणि गाडी वळवली. इतक्या वेगानं त्यांचे बैल पोळ्यालाही धावले नव्हते.

घसे मोकळे होईपर्यंत बराच वेळ गेला. आता फाटलेलं पॅकिंग नाना आल्यावरच बदलणार होतं, पण बाकीचं धुणं जसंच्या तसं पडून होतं. डब्यांची रास पाहून प्रेमदास म्हणाला, "माय, चार जनाईच्यानं हे आज नाई होत. परवा सांजेलोक चाललं जाईन."

"परवा सांजेले किल्ल्या बोरगावले असतीन," बाई म्हणाल्या आणि एकट्याच गंज घासायला बसल्या.

तेव्हा रस्त्याच्या वळणावरून रडण्याचा सूर ऐकू आला.

नाचणगावच्या बायका येत होत्या. पुढे बायका, मागे पुरुष, टोप्या हातात. घराच्या कोपऱ्यापासून रडायला सुरुवात करायची ही रीत त्यांनी बिनचूक पाळली होती. चारपाच जणींच्या डोक्यावर टोपल्या; सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून पिठलं-भाकरी आणलेली. पहिली बाई आली ती थेट देवकाबाईंच्या गळ्यात पडली.

"कशी वो ठेवून गेला तुले माहा देरभाऊ! कालपरवा तं बाजारात भेटला होता वो!"

देवकाबाईंनी आधी तिला गळ्यातून सोडवलं. "कोन ठेवून गेला?"

"नाना वो."

"ते बडनेऱ्याले गेले हायत. सांजच्या गाडीनं येऊन राह्यले."

गळ्यात पडलेल्या बाईनं मागे वळून इतरांकडे करुणेनं पाहिलं. दुःखानं डोकं फिरतं, असं तिच्या नजरेत होतं. दुसरीनं बाईंना पाणी दिलं. नत्थूजींनी केशवच्या गोट्यावर हात ठेवला आणि बापाची जागा आता त्यानं घ्यावी असं सांगू लागले. केशव ग्रीसचं सांगत होता. कुणी ऐकत नव्हतं. शेवटी बाईंनी पाण्यानं ओघळलेल्या कुंकवाचं कपाळ पुढे केलं आणि दोन्ही हातांतल्या बांगड्या नत्थूजींच्या नाकासमोर खणखणवल्या.

"डोये हायत का चकत्या हायत, भावजी? मी बिनकुंकवाची दिसून राह्यली तुमाले?"

सूर थांबला. मग एकेक गोष्ट उलगडली. ग्रीस, बत्ता, ग्यास. नत्थूजी इतके खजील झाले, की टोपी कुठे ठेवली ते त्यांना आठवेना. त्यांनी हळूच हेही सांगून टाकलं, की वर्ध्याच्या गाडीला एका ओळखीच्याला बसवून वासुदेवरावांकडेही निरोप धाडलाय.

तेवढ्यात दुपारच्या गाडीनं वासुदेवराव आलेच. सोबत पत्नी सुलोचनाबाई आणि कचेरीत काम करणारे दोन शेजारी. व्यवस्थित माणूस, घाईतही वर्ध्याच्या दुकानातून तिरडीचं सामान, मांजरपाटाचं आख्खं ठाण, एक मडकं आणि सुतळी घेऊन आले होते. त्यांनी फाटकातच डोळे पुसले, यंत्राकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, की दादा गेले, आता वहिनींना हा व्याप सोसणार नाही, ते स्वतः लक्ष घालतील. किल्ल्या कुठे असतात हे त्यांनी पुढच्याच वाक्यात विचारलं.

त्यांना सगळं सांगितल्यावर ते मांजरपाटाचं ठाण काखेत लपवायला पाहू लागले. सुलोचनाबाईंनीच बाजू सावरली. "चला, बरंच झालं बाई. खोटी बातमी उठली की मानसाचं आयुष्य वाढते म्हन्तात. नानाजीचं आयुष्य वाढलं." आणि त्यांनी पदर खोचला, परतीची गाडी लवकर मिळावी म्हणून. नाचणगावच्या बायकांनीही टोपल्या उचलल्या.

देवकाबाई त्या माणसांकडे पाहत होत्या. अंगण भरलं होतं. हात, हात आणि हात. शेतातले, सैपाकघरातले, कचेरीतले. आणि समोर गंजलेल्या डब्यांची रास.

"त्यायचं आयुष्य वाढलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमचं काय?"

टोपल्या थांबल्या.

"काय म्हंजे?" सुलोचनाबाई म्हणाल्या.

"जित्या मानसाले रडलं का रडनाराले दोष लागते. माह्या सासूबाई सांगे. रडत आलं तं त्या मानसाच्या घरचं दिवसभर काम केल्याशिवाय घरी नाई जाव म्हने. नाईतं ते रडनं आपल्याच घरी पोचते." त्यांनी हातातला काथ्या पाण्यात बुडवला. "मी कोनाले थांबवत नाई. जाचं त्यानं जाव."

कुणी गेलं नाही. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी ही रीत ऐकली नव्हती, पण ऐकली नाही असं म्हणायला पहिलं कोण होणार? नत्थूजी सगळ्यांत जास्त रडले होते. त्यांनी सदरा काढून निंबावर टांगला आणि विचारलं, "वयनीबाई, कुठून लागू?"

मग जे झालं तसं धुणं त्या कारखान्यात आधी कधी झालं नव्हतं. नाचणगावच्या बायका डब्यांना बसल्या. गंज काढताना त्यांनी आपापल्या सासवांचा विषय काढला, त्यामुळे हाताला जोर आला. पुरुषांनी हौदातला गाळ घमेल्यांनी उपसला. वासुदेवरावांच्या शेजाऱ्यांना विहिरीच्या रहाटावर धरलं. मांजरपाट फाडून डबे पुसायला घेतलं, कापड चांगलं होतं. मडक्यानं पाणी घालायची सोय झाली. सुतळीनं सैल झालेली झाकणं बांधली. मधे हात धुऊन सगळ्यांनी सुतकाची पिठलं-भाकरी खाल्ली. चूल विझलेलीच होती.

वासुदेवराव मात्र बाजेवर बसून राहिले. हे सगळं थोतांड आहे, असं ते म्हणाले, शिकलेल्या माणसानं असल्या गोष्टी मानू नयेत.

"नका मानू," देवकाबाई म्हणाल्या. "पन सुलोचना, तू पाह्यजो बापा. रडलेले ते होते, कुंकू तुहं हाय."

सुलोचनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तसं त्यांनी लग्नानंतर एकदाच पाहिलं होतं. हेडक्लार्क धोतर गुडघ्यावर खोचून बाहेरच्या नळ्यांवरचा क्षार खरवडायला उभे राहिले. बाई मधूनच जाऊन पाहत आणि राहिलेली खपली बोटानं दाखवत. "इथं. अन् इथं. शिस्त लागते भावजी याले."

दिवस कलला तसं हौदाचा तळ तेवढा उरला. तिथला कोपरा दुसऱ्या कुणाला साधेना, म्हणून देवकाबाई स्वतः मागच्या शेडमधल्या रिकाम्या हौदात उतरल्या. ओरडून ओरडून त्यांचा आवाजही बसला होता. इकडे पुढच्या खोलीत प्रेमदासला वाटलं, नानांची गाडी येतच असेल, तोवर फाटकं पॅकिंग काढून ठेवू. त्यानं ते काढलं, आणि नळीत दडलेला शेवटचा ग्यास बाहेर आला. थोडाच होता, पण अंगणातल्या सगळ्यांना पुरला. सगळे विहिरीकडे धावले, डोक्यावरून पाणी घेतलं आणि कडुनिंबाखाली येऊन बसले.

नाना स्टेशनावरून चालत आले ते नेमके तेव्हा.

त्यांच्या हातात पॅकिंगचं पुडकं होतं. फाटकात ते थबकले. अंगणभर नातेवाईक, सगळे न्हालेले, सगळे रडतायत. नाचणगाव रडतंय, वर्धा रडतंय. दोरीवर मांजरपाटाच्या पट्ट्या. मडकं. वासुदेव, जो खरचटलं तरी दिसू देत नाही, तो ढसाढसा. आणि पायरीवर केशव: डोकं उतरवलेलं, मिशी उतरवलेली.

मुलगा मिशी उतरवतो ती आईबापासाठी. बाप तर ते स्वतः होते, आणि पुडकं घेऊन उभे होते.

नानांनी कान दिला. कारखान्यातून बाईंचा आवाज येत नव्हता.

ते तिथेच मातीत बसले. त्यांना समजावायला कुणाचा घसा मोकळा नव्हता. नत्थूजींनी हात हलवला, त्यानं उलट खात्रीच पटली. "देवके," नाना म्हणाले, आणि एरवी घरात दहा शब्द न बोलणारा तो माणूस एकदम सुटला. "मीनंच मारलं वो हिले. त्या शब्दापायीच हिनं जीव लावला अन् जीव सोडला. काऊन देल्ता मी तो शब्द? यंत्र माहं नोयतंच कधी. तिचं होतं. मले तं इंजिनाचा आवाज बी तिचाच वाटे." त्यांनी डोळे पुसून भावाकडे पाहिलं. "अन् वासुदेवा, तू काऊन रडून राह्यला? तुह्याच्यानं काय होनार हाय? तुह्या घरची न्हानीची तोटी गळून राह्यली दिवाळीपासून. किल्ल्या घेते म्हने. त्या किल्ल्या कोनालेच भेटनार नाई. ती नाई तं कारखाना बंद."

वासुदेवरावांना पुष्कळ बोलायचं होतं. पण तोंड उघडलं की खोकला येई.

शेडच्या दारात देवकाबाई उभ्या होत्या. डोक्यापासून पायापर्यंत गाळानं माखलेल्या, हातात खरवडणी. त्या बऱ्याच आधीपासून उभ्या होत्या. नवऱ्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत त्या मध्ये बोलल्या नाहीत, आणि असं त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. नाना संपले तेव्हा त्यांनी नाचणगावच्या बायकांकडे एक नजर टाकली, सगळ्यांनी नीट ऐकलं ना हे पाहायला. मग त्या पुढे आल्या.

"झालं का रडून?" त्यांचा बसलेला आवाज घोगरा आला.

नानांनी वर पाहिलं. काळ्या चेहऱ्यातून दोन डोळे त्यांच्याकडे पाहत होते.  पुडकं छातीशी घट्ट धरून ते नुसते हसू लागले, आणि रडणं तसंच चालू राहिलं.

बाईंनी त्यांच्या हातातलं पुडकं काढून प्रेमदासकडे फेकलं आणि रिकाम्या हातात खरवडणी दिली.

"उठा. हौदाचा एक कोपरा राह्यला हाय. जित्या मानसाले रडले तुमी. दोष लागते."

अक्षय तृतीयेच्या सकाळी पहिली लादी निघाली. आरपार, काचेसारखी, पलीकडे धरलेली बांगडी दिसावी अशी. अखजीला पितरांच्या नावानं पुजायच्या घागरीसमोर तिचा एक तुकडा ठेवला. सुलोचनाबाई नवऱ्याला घेऊन सणाला थांबल्या होत्या. बर्फाचा खडा तोंडात घोळवत त्यांनी हळूच विचारलं, "बाई, तुमची सासू ते माहीबी सासूच. मले तं तिनं ही रीत कधी नाई सांगितली."

"तू कधी धुन्याले आली असती तं सांगितली असती," देवकाबाई म्हणाल्या, आणि उरलेल्या मांजरपाटात लादीचा मोठा तुकडा नीट गुंडाळून त्यांनी वासुदेवरावांच्या काखेत दिला. किल्ल्या बाईंच्याच कमरेला होत्या. वासुदेवराव स्टेशनाकडे निघाले तेव्हा त्यांच्या सदऱ्यातून वर्ध्यापर्यंत पाणी गळणार होतं.